खोतसाहेबांचं मानपत्र

१२ सप्टेंबर १९७९, बुधवार

पर्सोनेलच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "सुमनताई, तुमचं अक्षर म्हणजे मोती." अशी सुरुवात झाली की समजावं, काहीतरी गळ्यात पडणार. पडलंच. प्रेस शॉपचे सुपरवायझर खोतसाहेब ३१ ऑक्टोबरला रिटायर होताहेत. त्यांचं मानपत्र मी लिहायचं. हाताने, जाड कागदावर, कडेने वेलबुट्टी काढून. आणि समारंभात वाचायचंही मीच, कारण टाइम ऑफिसात माझा आवाज स्वच्छ आहे.

"बरं" म्हणाले. बाहेर येऊन दोन पेले पाणी प्यायले.

ज्या माणसामुळे माझा भाऊ गेला त्याचं मानपत्र! साहेब नवे आहेत, त्यांना माहीत नाही. टाइम ऑफिसातल्या बाकी तिघांना माहीत आहे. तिघेही मान खाली घालून पंचिंग कार्डं लावत बसले. लावा.

यापुढे या वहीत तो खो. पूर्ण नाव लिहिण्याएवढा मान इथे तरी नको.

१३ सप्टें., गुरुवार. सुट्टी

धुणं, निवडणं, टिपणं. आईचे गुडघे जास्त.

दत्ताला जाऊन या घटस्थापनेला तीन वर्षं. बावीस वर्षांचा होता. पत्रा दाबायचे लोखंडी साचे, त्याला हे लोक डाय म्हणतात, तसली एक डाय चेनपुलीवर टांगून मशीनवर न्यायची होती. दत्ता खाली उभा राहून हाताने दिशा देत होता. साखळीची कडी उलली. दोन तास जिवंत होता. मी पोचले तेव्हा नव्हता.

साखळी झिजलीय म्हणून तीन महिने ओरडत होता. घरी जेवताना तेच. खो. म्हणायचा, बघू. बघितलंच.

त्याच्या जागेवर मला घेतलं, टायपिंग येत होतं म्हणून. दुसऱ्याच आठवड्यात अपघाताची फाइल काढून वाचली. "सदर अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला." खाली खो.ची सही. वाक्य पाठ आहे. झोपेत विचारलं तरी म्हणेन.

निष्काळजी कोण? पिंपरीला टायपिंगच्या क्लासबाहेर सायकल घेऊन रोज उभा राहायचा तो? माझा क्लास सुटायला उशीर झाला की आईला सांगायचा, बस चुकली. बसचा आणि आमचा काही संबंध नव्हता, त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून यायचे. सव्वीस वर्षांची घोडी, आणि धाकटा भाऊ हाकतोय. "टायपिस्टबाई, जरा वजन कमी करा." मेल्या.

तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाला, आईलाही म्हणाला, "औंदा खंडेनवमीला कंपनीत यायचंच. आईच्या हातनं एका गोष्टीवर नारळ फोडायचाय." कशावर ते सांगेना. हसत सुटला.

खंडेनवमी आली तेव्हा त्याचं सुतकही फिटलं नव्हतं.

ठरलं. मानपत्र लिहिणार. ३१ला आईला पहिल्या रांगेत बसवणार. आणि मध्येच असं एक वाक्य घालणार की खो.ला शाल घेऊन कुठे तोंड लपवू असं होईल.

१७ सप्टें., सोमवार

कच्चा मसुदा सुरू. "आपल्या कनवाळू देखरेखीखाली..." लिहून स्वतःच हसले. मधल्या सुट्टीत दाराला कडी घालून एकटी हसत होते, कुणी बघितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं.

गेनू भेटला. दत्ताच्याच मशीनवरचा, चाकणचा. नेहमीप्रमाणे पिशवीत घरचे कांदे, दोन माझ्या हातात कोंबले. म्हणाला,

"ताई, खोतसायबाचं तुमीच लिवताय म्हनं?"

"लिहितेय."

"लिवा." मग इकडेतिकडे बघून, "एक सांगू? नवी साखळी आली हुती तवा. स्टोअरमदी पडून हुती."

मला कळेचना. "कधी आली होती?"

"तेच्या आधी धा-बारा दिस. पितरं चालू हुती न्हवं का. नवं काय करत न्हाईत तवा. मग ठरलं, खंडेनवमीला पूजा करून चढवायची."

"कुणी ठरवलं?"

"सायबाच्या सहीबिगर स्टोअरचा खिळा हलत न्हाई." एवढं बोलून चहा अर्धा टाकून गेला.

दहा-बारा दिवस. साखळी तिथे, माझा भाऊ इथे, मध्ये पितृपंधरवडा. लोखंडाला मुहूर्त पाहिजे म्हणे!

अक्षर बघा, हेच का मोती.

२० सप्टें., गुरुवार. सुट्टी

पिंपरी कॅम्पात जाऊन कागद आणला, चांगला हस्तिदंती. दुकानदार म्हणाला, "फ्रेमही करून देतो, किसके लिए है?" म्हटलं, एका मोठ्या माणसासाठी. चंदनाच्या रंगाची पट्टी निवडली. फाशी द्यायचीच तर दोर चांगला असावा.

आईला सांगितलं, ३१ला माझ्याबरोबर कंपनीत यायचं. तीन वर्षांत ती त्या रस्त्यानेसुद्धा गेलेली नाही.

"कशाला? त्या मुडद्याला हार घालाया?"

"हार नाही घालायचा. नुसतं बसायचं आणि ऐकायचं."

माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग येते." दत्ताचा डबा फळीवर आहे, तिथून काढून पुसला आणि परत ठेवला. त्यात ती कुणाला काही देत नाही, मलासुद्धा.

घटस्थापना

आई घटाला माती घालत होती. मी कामावर गेले. घरी बसून काय करायचं होतं?

खो. गेटवर समोर आला. "नमस्कार सुमनताई." "नमस्कार साहेब." आजच्या दिवशी! तिथी त्याला आठवत असेल का? आठवत असली तर तोंड दाखवायला लाज वाटायला हवी होती. नसली तर त्याहून हलकट.

२५ सप्टें., मंगळवार

स्टोअरकीपर भालेरावांकडे गेले. दोन वर्षांनी सुटतील, साधा माणूस. सगळ्या चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवतात, वर्षावर्षाचे घड भिंतीला टांगलेले. म्हटलं, ७६ सालची चेनपुलीच्या साखळीची चिठ्ठी हवी. थांबवायची म्हणून जी दिली असेल ती.

चष्मा काढला, पुसला. "कशाला उकरता, बाई? नका मागू."

"मला हवीय."

"सापडायची नाही."

"सापडेल. आणि नाही सापडली तर मीही जरा शोधाशोध करीन. तुमचं कार्ड सकाळी साडेसातला कोण पंच करतं आणि तुम्ही गेटातून किती वाजता येता, ते."

चेहरा पांढरा पडला. बायको आजारी असते, तिचं करून येतात, मला माहीत आहे. तरी बोलले. वाईट वाटलं का? त्या वेळी नाही. आत्ता थोडं.

भालेराव म्हणाले, खंडेनवमी होऊ द्या, मग देतो.

खंडेनवमी

सगळी मशीनं धुऊन-पुसून, तेलपाणी, रंग, झेंडूच्या माळा. कामगारांच्या बायका नव्या साड्या नेसून पोरंबाळं घेऊन आल्या होत्या. "ह्यो माझा प्रेस." "अगं बया, केवढा!" प्रत्येक जण आपलं मशीन असं दाखवतो जसं गोठ्यातलं जनावर. दत्तानेही दाखवलं असतं.

खो.ने चेनपुलीला हार घातला. नवी साखळी, आता तीन वर्षांची झाली. कुंकू लावलं, नारळ फोडला आणि हार घालून झाल्यावरही साखळी हातात धरून उभा राहिला. लोक मागे खोळंबले. नाटकी! प्रेक्षक बरे मिळाले.

प्रसादाचं खोबरं मी हातात घेतलं आणि बाहेर कुत्र्याला घातलं. कुत्र्यानेही हुंगून सोडलं.

६ ऑक्टोबर, शनिवार

भालेरावांनी चिठ्ठी दिली. घडी घालून, पाकिटात, डोळ्यांकडे न बघता. "बाई, मी नको म्हटलं होतं."

बायकांच्या मोरीत जाऊन उघडली.

अक्षर दत्ताचं. त्याचा तो वाकडा ख, शाळेत मार खाल्ला त्यावरून.

"नवीन साखळी मिळाली. आभारी आहे. सध्या पितरं चालू असल्याने बसवू नये. खंडेनवमीस माझ्या आईच्या हस्ते नारळ फोडून बसवावी ही नम्र विनंती. तोवर जुनीवर सांभाळून काम करू. द. वि. काळभोर, प्रेस शॉप."

खाली तिरकं, "मंजूर." आणि खो.ची सही.

८ ऑक्टो., सोमवार

काल रजा टाकली. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

गाढवा. गाढवा. तीन महिने भांडलास, मिळाली, आणि ठेवून दिलीस? आईला मिरवायला? "सांभाळून काम करू" म्हणे! कोण सांभाळणार होतं, ती साखळी?

आणि आई. पितरांत नवं काही करू नये, हे तिनेच आम्हाला दुधाबरोबर पाजलंय. नवी चप्पल आणली तरी पंधरा दिवस खुंटीला. मीसुद्धा त्याला कधी म्हटलं नाही की हा येडेपणा आहे. उलट म्हटलं होतं, "आईला खंडेनवमीला आणते, पण काहीतरी बघण्यासारखं दाखव हं." हे मीच म्हटलं होतं. बरोबर आठवतंय, सायकलवर, आकुर्डीच्या चढाला.

गेनूला हे माहीत होतं. भालेरावांना होतं. सगळ्या शॉपला असेल. मला कुणी सांगितलं नाही.

आता कुणाचा गळा धरू?

९ ऑक्टो., मंगळवार

नाही. सही त्याची आहे. पोरगं बावीस वर्षांचं, हट्टी. साहेब पन्नाशीच्या पुढचा. साहेब कशाला असतो? "नाही" म्हणायला. एक शब्द. तो म्हटला नाही आणि वर दत्ताला निष्काळजी लिहून मोकळा झाला.

राग परत आला. बरं वाटलं. दोन दिवस तो नव्हता तर उभं राहवत नव्हतं.

१६ ऑक्टो., मंगळवार

खो.च्या केबिनमध्ये गेले. मानपत्रासाठी माहिती हवी, असं निमित्त. दार लोटलं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

उचलून वाचली, परत ठेवली. मग, "भालेरावने दिली वाटतं."

"सही का केलीत?"

"पोरगं नाचत आलं होतं, बाई. साहेब, आईच्या हातनं! तीन महिने माझ्याशी भांडलेलं. मला वाटलं, वीस दिवसांचा तर प्रश्न आहे. चालतंय." मग म्हणाला, "नाही म्हणायला हवं होतं. रोज वाटतं."

"आणि निष्काळजीपणा? तोही रोज वाटतो का?"

"नोकरी जात होती. मुलीचं लग्न ठरलेलं." चिठ्ठीवर बोट ठेवलं. "ही चिठ्ठी पुढे केली असती तर मी थोडा तरी सुटलो असतो. पण तुमच्या आईला कळलं असतं, पोरगं कशासाठी थांबलं होतं ते. म्हणून नाही केली."

"म्हणजे आमच्यावर उपकारच झाले!"

"उपकार नाही म्हणत."

मी पेटले. म्हटलं, स्वतःची कातडी वाचवायला त्याच्या नावाला काळं फासलंत, आणि आता आईची दया सांगता? ती ३१ला येणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे.

"येऊ द्या," म्हणाला. रुमालाने टेबल पुसत राहिला, तिथे काही सांडलेलं नव्हतं.

त्याच्यावर दया येत नाही. येऊ देणार नाही. पण तो खोटं बोलत नव्हता, हेही लिहून ठेवते.

दिवाळी

फराळ नेमाला केला. आईने ३१ साठी लुगडं धुऊन, घडी घालून गादीखाली ठेवलंय. तीन वर्षांत पहिल्यांदा कशाची तरी वाट बघतेय. आता "नको येऊस" म्हटलं तर विचारेल का. काय सांगू?

मीच बोलावलं. मीच अडकले.

३० ऑक्टो., मंगळवार

मानपत्र झालं. चार कागद फुकट गेले. वेलबुट्टीत तिळाची फुलं काढली आहेत.

साखळीचं वाक्य एका कागदावर लिहिलं होतं, "नवी साखळी स्टोअरमध्ये असताना". मानपत्रात खाडाखोड चालत नाही, म्हणून अख्खा कागद फाडला. शेवटी ठेवलं ते एवढंच: "आपल्या हाताखाली काम करताना दत्तात्रय विठोबा काळभोर हा कामगार बाविसाव्या वर्षी गेला. तो निष्काळजी नव्हता."

एवढं तो ऐकेल. आई ऐकेल. पुढचं पुढे.

चिठ्ठी या वहीत मागच्या पानात.

३१ ऑक्टो., बुधवार

कँटीनमध्ये खुर्च्या मांडलेल्या. आई पहिल्या रांगेत, पदर घट्ट, पाय खुर्चीखाली घेतलेले. गेनू तिच्याशेजारी येऊन बसला.

वाचलं. त्या वाक्याला आवाज फुटेल वाटलं होतं, नाही फुटला. पर्सोनेलचे साहेब दचकून माझ्याकडे बघायला लागले. शॉपची माणसं खाली बघत होती. मी वाचून पूर्ण केलं आणि फ्रेम खो.च्या हातात दिली. त्याचे हात गार होते.

मग तो बोलायला उठला. खिशातला भाषणाचा कागद काढला आणि परत ठेवला.

म्हणाला, "ताईंनी वाचलं ते खरं आहे. दत्ता निष्काळजी नव्हता. नवी साखळी आली होती. ती खंडेनवमीपर्यंत थांबवायची, हे मी ठरवलं. सही माझी. रिपोर्टात मी लिहिलं ते खोटं लिहिलं. त्याच्या आई इथे बसल्यात. त्यांची माफी मागायचं तोंड मला नाही."

आणि हात जोडले. आईने जोडले नाहीत.

कुणीतरी टाळी वाजवली, एकच, आणि थांबला. शाल तशीच घडीत राहिली.

हेच हवं होतं ना मला? शब्द न् शब्द. सगळ्यांसमोर, आईसमोर, त्याच्याच तोंडून. तीन वर्षं हेच मनात घोळवलं. आणि माझ्याकडे बघून त्याने "मी ठरवलं" म्हटलं तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, पूर्ण सांग! आणि सांगू नकोस. दोन्ही.

खोटं बोलला का? सही त्याचीच तर आहे.

येताना बसमध्ये आई म्हणाली, "म्हंजी माझ्या पोराचं काय चुकलं न्हवतं."

"नाही."

"मला ठावंच हुतं." मग खिडकीतून शिव्या देत होती खो.ला, हलक्या आवाजात, ओव्या म्हणाव्यात तशा. आकुर्डी येईपर्यंत.

१ नोव्हेंबर, गुरुवार. सुट्टी

आई सकाळी लवकर उठली. न सांगता दत्ताचा डबा खाली काढला, त्यात भाकरी-पिठलं भरून माझ्यापुढे ठेवलं. "खा. उद्यापास्नं ह्योच नेत जा."

घास तोंडात होता तेव्हा म्हणाली, "सुमे, एक ऱ्हायलंच बघ. तो म्हनत हुता न्हवं, माझ्या हातनं कशावर तरी नारळ फोडायचाय. ते काय हुतं गं? तुला ठावं हाय?"

"नाही," म्हटलं. वही बाजूलाच, पिशवीत.

"मंग त्या खोतालाच इचारते. दिवसभर दत्ता त्याच्यापाशीच असायचा, त्याला बोलला आसंल. आन आता नोकरी सुटली, आता त्याला खोटं बोलायचं काय कारन? दुपारच्या गाडीनं जाते. गेनूनं पत्ता दिलाय." लुगडं कालचंच नेसली आहे.

म्हटलं, मी येते बरोबर. म्हणाली, "तुजं काय काम? माजं मी बघते."

तिला भाकऱ्या आटपायला अजून तासभर लागेल. तिच्या आधीची एक गाडी आहे. दळण टाकून येते म्हणून निघते. ज्याचं तोंड उघडायला तीन वर्षं जीव टाकला, त्याच्या दारात जाऊन आता काय म्हणू? चिठ्ठी बरोबर घेतली आहे.